कोपरा फाटलेलं कार्ड

भाजे गावच्या बयाबाईचा स्वभाव असा, की दूध उतू जाईल या भीतीनं ती ते तापायच्या आधीच उतरवून ठेवायची. नवरा गेल्यापासून तर जे पक्कं असेल ते आधी हातात घ्यायचं, बाकीचं मग बघू, एवढं एकच शहाणपण तिनं जवळ ठेवलं होतं. भाताची दोन खाचरं पक्की, कारण ती उठून कुठे जात नाहीत. आणि आता मुलाची नोकरीही पक्की होत होती. त्यामुळे एकोणीसशे एकतीस सालच्या त्या आश्विनात बाईचे पाय जमिनीला लागत नव्हते.

नोकरी रेल्वेतली होती. मळवली स्टेशनाच्या रूळ राखणाऱ्या गँगेत एक जागा रिकामी झाली होती. मुकादम बजरंगराव स्वतः दारात येऊन सांगून गेले होते, "शनवारी सकाळी सातला सोपानला हजर करा. आला तर जागा त्येची. न्हाई आला तर धा जण वाट बघत्यात." महिन्याच्या महिन्याला पगार, निळा डगला, वर्षाला पास आणि संध्याकाळी पोरगं घरी. बयाबाईनं मुकादमांच्या चहात एवढा गूळ घातला की शेवटचा घोट त्यांना बोटानं चाटावा लागला.

सोपान मात्र नुसता "हं" म्हणाला. त्या एका "हं"नं तिचा जीव खालीवर होत होता.

त्याचं कारण तिला चांगलं ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात मोजणी खात्याची एक तुकडी लोहगड-विसापूरच्या बाजूला तळ ठोकून होती. दोन महिने सोपान त्यांच्याबरोबर लोखंडी साखळी धरून डोंगर तुडवत होता. कुठली वाट कुठं उतरते, पाणी कुठं सापडतं, हे त्याला कागदावाचून माहीत. साहेब खूश झाला. जाताना म्हणाला, पुढच्या हंगामाला तुझं नाव मागतो, मंजुरी आली तर कार्ड टाकतो. म्हणजे आधी जर, मग तर. पण पोरगं तेव्हापासून त्या कार्डावर जीव लावून बसलं होतं.

"आये, त्या दुर्बिणीत समदं उलटं दिसतं," तो सांगायचा. "एक डाव साहेबानं मला बघाया दिली. आपलं घर दिसलं. तू आंगण सारवत हुतीस. पाय वर, डोकं खाली."

"आन् त्ये बघून तुला कौतुक वाटलं व्हय?" बयाबाई चिडायची. "आय डोक्यावर हुबी दिसली म्हून त्यो धंदा चांगला?"

सोपान हसायचा आणि रोज संध्याकाळी विचारायचा, "कार्ड आलं का?"

बुधवारी दुपारी कार्ड आलं.

मळवलीच्या पोस्टातून गावचं टपाल आणायचं काम शेजारचा नथू करायचा. त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण कार्डावरून तोंड कसं करायचं हे बरोबर कळायचं. त्या दिवशी तो अंगणाबाहेरच थांबला. नुकतीच विकत घेतलेली शेळी एका हातात, दुसऱ्या हातात कार्ड, आणि तोंड पार उतरलेलं.

"मावशे," तो म्हणाला, "कार्ड हाय. पर कोपरा फाटलाय गं."

कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. असलं कार्ड कुणी घरात नेत नाही, दाराबाहेर वाचतात, फाडून टाकतात आणि डोक्यावरून पाणी घेतात. कुणाचं असणार हेही विचारायला नको होतं. तिचा थोरला भाऊ दत्तोबा मुंबईला एका वखारीत हमाल होता. बायको मागंच वारलेली, पोरबाळ नाही. महिन्यापूर्वी त्याच्या खोलीवरच्या माणसांनी कळवलं होतं की ताप हटत नाही.

"सोपान्या कुटं हाय? वाचून घ्या," नथू म्हणाला.

आणि मग बयाबाईनं जे केलं ते तिचं तिलाच नंतर खरं वाटेना. ती रडली नाही. तिनं मनात दिवस मोजले. कार्ड वाचलं की सोपान आजच्या गाडीनं मुंबई गाठणार. मामाचं पाणी पाजायचं ते त्यानंच, दहावा होईपर्यंत तो काही हलायचा नाही. शनिवार जाणार, जागा जाणार. पण सुतक कधी लागतं? कळल्यावर. आणि कळतं कधी? वाचल्यावर. न वाचलेल्या कार्डाचं सुतक आजवर कुणाला लागल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

"नथू, तू कार्ड आणलंच न्हाईस," ती म्हणाली. "शनवारपातूर तोंड उगडायचं न्हाई. तुला तुज्या शेळीची आण."

नथूनं शेळीकडे पाहिलं आणि मान हलवली. बयाबाईनं ते कार्ड चिमटीत धरून गोठ्याच्या वळचणीला खुपसलं, आणि हात धुऊन भाकरी थापायला बसली.

ते तीन दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. हुंदका वर यायचा आणि ती तो आवंढ्यासारखा गिळायची. लहानपणी दादानं तिला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं, आणि आता त्याच्या नावानं एक हंबरडा फोडायचीही चोरी. सोपान विचारायचा, "आये, डोळं का लाल?" ती सांगायची, धूर. तो विचारायचा, "कार्ड आलं का?" ती सांगायची, "न्हाई." ते खोटंही नव्हतं. त्यानं विचारलेलं कार्ड आलेलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी सोपान गवत कापायला गेला होता. बयाबाई अंगणात पोह्यांसाठी भात वाळत घालत होती, आणि स्टेशनाच्या वाटेनं काठी टेकत, वळकटी पाठीवर टाकून दत्तोबा आला.

बयाबाईनं आधी त्याचे पाय बघितले. सरळ होते. तरी एक पाऊल मागं सरकून ती म्हणाली, "दादा, खरं सांग. तू जिता हायेस ना?"

"निम्मा," दत्तोबा ओट्यावर टेकत म्हणाला. "तापानं पार पिळून काढला बघ. आता दिवाळी करूनच जातो. अगं, अशी काय बघतीस? पाणी तरी दे."

तिनं पाणी दिलं. त्याची चूळ भरून झाल्यावर तिनं त्याच्या गालाला हात लावून पाहिला. गाल खडबडीत होता, ऊन होता. बाईला एवढा आनंद झाला की ती उगाचच दोनदा घरात जाऊन बाहेर आली. आणि तिसऱ्यांदा बाहेर येताना उंबऱ्यातच थांबली.

दादा इथं बसलाय. मग वळचणीला कोण आहे?

या घरात कार्ड टाकणारी माणसं दोनच. एक मुंबईचा दादा. आणि दुसरा तो साहेब.

ती गोठ्यात गेली. कार्ड काढून हातात धरलं. अक्षरं तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली. आता तिला नीट दिसलं, कोपरा कुणी सरळ फाडलेला नव्हता. कुरतडलेला होता, आणि ओल वाळून कडा आखडली होती. नथूची ती शेळी! तिला त्याही स्थितीत हसू आलं आणि लगेच विरलं. कारण नथूखेरीज कुणाला काहीच माहीत नव्हतं, आणि त्याला शेळीची आण होती. कार्ड परत वळचणीला खुपसलं असतं, तर उद्या सकाळी सातला सोपान रेल्वेचा झाला असता. चूल तर पेटलेलीच होती. तिला हवं ते सगळं एका हाताच्या अंतरावर होतं.

पण संध्याकाळी तो विचारणार, कार्ड आलं का. काल "न्हाई" म्हटलं ते चुकून. आज म्हटलं तर ते जाणूनबुजून होणार, आणि मग ते जन्मभर सांभाळत बसायचं. पोराला दुःख झालं तर ती सोसली असती. पण त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटावी, हे तिच्यानं सोसवणार नव्हतं.

सोपान आला, मामाला पाहून हरखला, आणि बयाबाईनं कार्ड त्याच्या हातात दिलं. फाटका कोपरा बघून त्याचा चेहरा पडला. त्यानं मामाकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं.

"कुणी मेलं न्हाई," ती म्हणाली. "शेळीनं खाल्लंय. बुधवारी आलं. मी लपवून ठेवलं. वाच."

सोपान चौथी शिकलेला. तो बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागला. सोपान यास साखळीवाला म्हणून नेमलं आहे. शनिवारी सकाळी आठ वाजता वडगावच्या कचेरीपुढील तळावर हजर व्हावं. त्याचा आवाज चढत गेला, आणि मग खाली आला. पण तो थांबला नाही. नेमणूक चालू हंगामापुरती, चार महिन्यांची आहे. पुढल्या हंगामाबद्दल कचेरी काही हमी देत नाही.

बयाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, दत्तोबालाही येत नव्हतं. शेवटच्या दोन ओळी त्यानं गाळल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?

"रेल्वे सोडू नगंस," दत्तोबा म्हणाला. "चार म्हैन्यांनी काय डोंगर खाणार हाय का?"

"आये, तू सांग," सोपान म्हणाला. "तू म्हणशील तर उद्या मळवलीला जातो. मनात काय ठेवणार न्हाई."

बयाबाईनं पदरानं नाक पुसलं.

"ह्यो दादा मेला ह्ये माजं तीन दिस पक्कं हुतं," ती म्हणाली. "ह्याच्याहून पक्कं काय असतं? आन् त्यो बसलाय बघ ओट्यावर, पाय पसरून. मला काय कळतंय पक्क्यातलं! तू जा वडगावला. पर आत्ता मुकादमाकडं जाऊन त्येला सांगून ये. कुणाची जागा अडवून बसू नगंस."

मुकादमांनी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. त्या ऐकून सोपान शीळ घालत परत आला.

शनिवारी उजाडता उजाडता तिनं त्याच्या धोतराच्या सोग्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधली. तो पाया पडला आणि सकाळची गाडी गाठायला निघाला. वाटेच्या वळणाशी एकदा त्यानं मागे बघून हात केला, आणि मग दिसेनासा झाला.

बयाबाई अंगणात मटकन बसली आणि तिनं असा हंबरडा फोडला, की दत्तोबाच्या हातातली चहाची वाटी हिंदकळली.

"माज्या दादा रं! मला खांद्यावर घिऊन जत्रेला न्हेणाऱ्या रं! कुटं गेलास रं!"

"अगं बये, मी हितं बसलोय!"

"बस की!" ती रडता रडता म्हणाली. "तीन दिस साठवून ठेवलंय, त्ये कुटं न्हेऊन टाकू?"

हे दत्तोबाला पटलं. तो सरकून तिच्याजवळ बसला आणि चहा पीत ऐकू लागला. आपण इतके चांगले होतो हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. मधेच दादाच्या जागी सोपानचं नाव यायला लागलं, पण त्यानं ते दुरुस्त केलं नाही.