पूजेच्या पाटावर दोन दिवस

मी एक जर्नल बोलतेय. फिजिक्सची, तपकिरी कव्हरची, वर हळदीचा डाग पडलेली. जे पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, म्हणून बोलतेय.

नेरूळला कॉलेजजवळच्या दुकानातून उत्कर्षानं मला घेतलं. कोपरखैरण्याच्या घरी नेऊन कव्हर घातलं, पहिलं पान मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. मी भारी खुशीत. दुसऱ्या पानावर अर्धी ओळ झाली आणि ती पाणी प्यायला उठली. परत आली चौथ्या दिवशी. अहो, पाणी प्यायला चार दिवस?

पुढेही तेच. एका आकृतीसाठी अख्खी सकाळ. पेन्सिलीला टोक कर, मोबाईल बघ, खिडकीतली कबुतरं मोज. आणि एका रविवारी बसली ती सलग तीन प्रयोग लिहूनच उठली, जेवणाचीही शुद्ध नाही. आळशी म्हणावं तर हे काय? मी चक्रावून गेले.

मग कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमनी तिला डॉक्टरांकडे पाठवलं आणि एडीएचडी हे नाव घरात आलं. उत्कर्षानं समजावून सांगितलं, "माझं लक्ष नसतं असं नाही. लावायचं तिथं लागत नाही, आणि लागलं की सुटत नाही."

"म्हंजे धांदरटच की," आई राजाबाई म्हणाल्या. वडील हौसेराव वाशीच्या मार्केटात माथाडी, दिवसभर पाठीवर पोती वाहणारे. त्यांनी डॉक्टरांचा कागद घडी घालून कपाटात ठेवला.

पोरगी मात्र हटली नाही. टेबल खिडकीपासून हलवलं, माझ्या पानांना रंगीत चिठ्ठ्या लावल्या, वीस-वीस मिनिटांचे गजर लावून लिहू लागली. आठ प्रयोग झाले, त्यांवर सरांच्या सह्याही झाल्या. राहिले दोन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला जमा करायचं होतं, नाहीतर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येणार नव्हतं. गेल्या सेमिस्टरला ती एक जर्नल बसमध्ये विसरली, विषय राहिला, आणि महिनाभर घरात बोलणी खाल्ली.

खंडेनवमीच्या सकाळी ती आंघोळीला गेली असताना राजाबाईंनी मला उचललं आणि स्वयंपाकघरातल्या देवापुढच्या पाटावर मांडलं. शेजारी हौसेरावांचा पोती ओढायचा लोखंडी हूक, विळी, कात्री. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं इतकी घातली की मी पार बुडाले. त्यांच्या साताऱ्याकडच्या घरची रीत अशी, की पूजेतली वस्तू दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत हलवायची नाही. वही देवीपाशी बसली की पोरगी पास, अशी त्या माउलीची भाबडी समजूत.

उत्कर्षा शोधायला लागली. मी चार पावलांवर होते. तिनं बॅग उपडी केली, गाद्या उलटल्या, चपलांच्या कपाटातही पाहिलं. आता आईला विचारेल, असं मला वाटत होतं.

"काय शोधतीस गं?" राजाबाईंनीच विचारलं.

"काही नाही. पेन."

मी सुन्न झाले. वस्तू सापडत नाही म्हणजे ती आपणच हरवली, याबद्दल त्या पोरीला शंकासुद्धा आली नव्हती.

दुपारी ती नवी कोरी जर्नल घेऊन आली आणि कच्च्या वहीवरून पहिल्या प्रयोगापासून उतरवू लागली. त्या आठ सह्या ती कुठून आणणार होती? दसऱ्याच्या दुपारपर्यंत पाच प्रयोग झाले, मग हातच थांबला. गजर वाजत राहिला, ती नुसती बसून राहिली.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. राजाबाईंनी मला फुलांतून काढलं, पदरानं पुसलं आणि तिच्यापुढं धरलं. "घे, उद्या द्यायचीय न्हवं? देवीपाशी ठेवली हुती."

मला वाटलं, आता ही कडाडणार. ती म्हणाली, "म्हणजे मी हरवली नव्हती?"

"न्हाई. मीच ठेवली की."

"नक्की ना? मी नाही हरवली?"

तिसऱ्यांदा विचारताना तिला रडू फुटलं. राजाबाई तिच्यापुढं बसल्या. "आगं, मग इचारायचंस तरी."

"काय विचारू? तू म्हणाली असतीस, हरवलीस ना परत."

खरंच, राजाबाई तेच म्हणाल्या असत्या. आणि खोटं कशाला बोलू, फुलांखाली पडल्या पडल्या मीसुद्धा तिलाच धांदरट म्हणत होते.

तेव्हा हौसेराव बोलले. "मार्केटात कुणी एकट्यानं पोतं पाठीवर घेत न्हाय. दोघं हात देत्यात, मग एक चालतो. त्यात लाज कसली?"

तिनं मला उघडलं, तसे ते शेजारी भिंतीला टेकून बसले. बोलले नाहीत, फोन पाहिला नाही. ती चुळबुळली की नुसतं तिच्याकडे बघायचे आणि ती परत लिहायला लागायची. जेवणाआधी दोन्ही प्रयोग पूर्ण झाले. माझा विश्वासच बसेना.

सही मिळाली, परीक्षाही झाली. आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, वर्षभरात रद्दीत जाईन. त्याचं दुःख नाही. पुढच्या सेमिस्टरला तिच्याकडे जाणाऱ्या जर्नलला एवढंच सांगायचंय, बाई गं, ती मध्येच उठून गेली तर तिला बोल लावू नकोस. आणि कधी तू सापडली नाहीस तर ती स्वतःलाच दोषी धरून गप्प बसेल. तेवढं होऊ देऊ नकोस. तिला कसं सांगशील, मला ठाऊक नाही. चार पावलांवर असून मला दोन दिवस तोंड उघडता आलं नाही.