मास्तरांचा उजवा पाय

मास्तरांचा राग नाकावर असतो, असं सगळे म्हणत. ते अर्धंच खरं होतं. खरा मुक्काम उजव्या पायात होता, पण हे कळायला मास्तरांना बावीस वर्षं लागली.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, वेळप्रसंगी उपयोगी पडावा म्हणून. मास्तरांच्या मते वेळप्रसंग दर अर्ध्या मिनिटाला येई. समोर साधं कुत्रं आडवं आलं तरी ते धाडकन ब्रेक दाबत आणि तोंडाचा पट्टा सोडत, "अहो, लक्ष कुठंय? झोपलात की काय?" शिकणारा बिचारा घामाघूम. बाकीचे विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला का होईना, पास होत. घरची विद्यार्थिनी मात्र तीनदा नापास झाली होती.

ही घरची विद्यार्थिनी म्हणजे मास्तरांची बायको. इस्पितळात तीस वर्षं काढलेली नर्स, म्हणून नवरा सोडून सगळं जग तिला सिस्टर म्हणे. सिस्टरांना आता नवं काम चालून आलं होतं, घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची देखभाल करायचं. काम मनासारखं होतं, अट एकच, शुक्रवारपर्यंत लायसन्स हवं. आणि तिन्ही परीक्षांच्या कागदावर एकच शेरा होता, 'ब्रेक उशिरा'.

"या खेपेला नाही जमलं, तर मी गाडीचं नाव काढणार नाही," त्या म्हणाल्या. "कामाला नाही म्हणून कळवते."

आदळआपट नाही, रडणं नाही. त्यानेच मास्तर चरकले.

त्याच आठवड्यात दातांच्या बाई शिकायला आल्या. सत्तरीच्या, आयुष्यभर लोकांचे दात उपटलेल्या, आता पहाटे उठून तासभर गप्प बसणाऱ्या. मास्तर दोनदा ओरडले, तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.

"मास्तर, तुम्ही स्वतःकडे कधी बघता का?"

"रोज. दाढी करताना."

"तसं नव्हे हो. राग येतो ना, तो येताना बघायचा. आवरायचा नाही, त्याला नावं ठेवायची नाहीत. नुसतं बघायचं. आमची साधना एवढीच."

"एवढंच? मग सोपं आहे."

"करून बघा," बाई म्हणाल्या आणि गालात हसल्या.

मास्तरांनी मनावर घेतलं. पहिल्या दिवशी त्यांना जगातल्या सगळ्यांच्या चुका दिसल्या, स्वतःची एकही नाही. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात ते पटाईत होतेच. संध्याकाळी मात्र मोठ्या ऐटीत घरी सांगितलं, "आज मी स्वतःला चौदा वेळा पाहिलं."

"दिसलात का?" सिस्टरांनी विचारलं. "नव्याचे नऊ दिवस हो."

बुधवारी ते खरोखर दिसले. एक विद्यार्थी वळण घेत होता आणि समोरून सायकल आली. मास्तर बघत होते म्हणून सगळं क्रमाने दिसलं. आधी पोटात गोळा आला. मग पाय ब्रेकवर गेला. जीभ सगळ्यात शेवटी सुटली. आणि विद्यार्थ्याचा पाय तर त्याच्या ब्रेककडे निघालेलाच होता, फक्त मास्तरांचा आधी पोचला. ज्याला ते बावीस वर्षं राग समजत होते, ती निव्वळ भीती होती. मास्तरांना स्वतःची लाज वाटली.

गुरुवारी संध्याकाळी सिस्टरांचा शेवटचा सराव होता. शाळेमागच्या गल्लीतून त्या बऱ्या वेगाने चालल्या होत्या, आणि एका फाटकातून हातगाडीवाला पाठमोरा बाहेर आला. मास्तरांचा पाय उचलला गेला. 'आली,' ते मनात म्हणाले आणि भीतीकडे बघत राहिले. पाय तसाच अधांतरी राहिला.

गाडी हातगाडीच्या दोन हात अलीकडे थांबली.

"थांबवलीत ना शेवटी तुम्हीच," सिस्टर थकून म्हणाल्या.

"नाही गं."

"माझं मन राखू नका."

"अगं, बघ तरी. पाय अजून वर आहे."

त्यांनी वाकून पाहिलं. पाय खरंच वर होता. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आणि परवा? बँकेच्या कोपऱ्यावर कोणी थांबवली?"

इथे थाप मारता आली असती. मास्तरांना थाप जिभेवर येताना दिसलीही.

"तो मी होतो. त्याच्या आधीही मीच. तुझ्या पायाला मी कधी गाडी थांबवूच दिली नाही, आणि वर म्हणायचो, तुझं लक्ष नसतं."

सिस्टरांनी इंजिन बंद केलं. "तीनदा रडले मी. मला वाटलं, वय झालं माझं. हात थकले, डोळे थकले."

मास्तरांना फार वाटलं की तिने आता 'जाऊ द्या' म्हणावं. ती म्हणाली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"अजून अर्धा तास आहे," ती म्हणाली. "पाय वर घ्या. मांडी घालून बसा."

"पुढच्या सीटवर?"

"साधना करताय ना?"

मग मास्तर पट्टा लावून, मांडी घालून बसले आणि त्या अवस्थेत त्यांनी अख्ख्या वस्तीला तीन फेऱ्या मारल्या. ओळखीचा न्हावी दुकानाबाहेर येऊन बघत राहिला. सिस्टर अकरा वेळा थांबल्या, अकराही वेळा स्वतःच्या पायाने.

शुक्रवारी परीक्षा घेणाऱ्याने कागदावर 'पास' लिहून सही केली. सिस्टर तो हातात घेऊन आल्या, पण हसल्या नाहीत. "मी चालवते. तुम्ही मागे बसा."

मास्तर निमूटपणे मागे बसले. पहिल्याच चौकात डावीकडून बस आली आणि मास्तरांचा पाय आपोआप पुढे गेला. मागे पायाशी काही नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

"मला भीती वाटते गं."

सिस्टरांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"मलाही," त्या म्हणाल्या, आणि बसला जाऊ दिलं.