नराच्या पोटातली गाभोळी

मासे कापता कापता मावशींचे केस पांढरे झाले होते. मासळीबाजाराच्या मागच्या अंगाला त्यांचा लाकडी ओंडका, शेजारी कायम गळणारा नळ. मासा नर की मादी, हे पोट फाडायच्या आधीच त्या सांगत आणि सहसा चुकत नसत. म्हणून एका सकाळी नराच्या पोटात पांढऱ्या वीर्यपिशवीला बिलगून गाभोळीचे दाणे दिसले, तेव्हा त्यांना वाटलं, आता आपली नजर गेली. पण पंधरवड्यात तसलेच कितीतरी निघाले. सगळे नदीचे, धाकट्या भावाच्या जाळ्यातले.

बर्फात घालून त्यांनी ते प्रयोगशाळेत नेले. तिथल्या बाईंनी समजावलं, की नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कारखान्याच्या सांडपाण्यातली काही रसायनं अंगात शिरून मादीच्या संप्रेरकाचं सोंग घेतात. नराचं शरीर फसतं, मग पिल्लं घटत जातात. काठावरच्या बेडकांतही त्यांना तसंच आढळलं होतं. कारखान्याविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी होणार होती, तिथे हे सांगाल का, असं बाईंनी मावशींना विचारलं.

मावशींनी हे घरी सांगितलं, तेव्हा भाऊ जाळं सांधत होता. त्याने मानही वर केली नाही. लोक मासे घ्यायचे थांबतील, दोन्ही घरांची चूल विझेल, झाकली मूठच बरी, असं तो म्हणाला.

"मुठीत उरलंय काय?" मावशी म्हणाल्या. "गेल्या दोन वर्षांत बोटाएवढं पिल्लू पाहिलंस का तू?"

त्याने जाळ्याची पुढची गाठ मारली.

सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने त्यांचं शिक्षण विचारलं.

"चौथी," त्या म्हणाल्या. "पण मासे तीस वर्षं उघडतेय."

कारखान्याचं सांडपाणी अडवलं गेलं, आणि नदीतल्या मासेमारीवरही बंदी आली. भाऊ गोदामात पोती उचलू लागला. त्याने बहिणीशी बोलणं टाकलं. मावशी तळ्याचे मासे कापत राहिल्या. जे केलं त्याचा पस्तावा नव्हता, पण भावाच्या दारावरून जाताना पाय जड व्हायचे.

तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेला नदीतल्या माशांचे नमुने धरायला होडी हवी होती. भाऊ होडी घेऊन आला. मावशींनी काठावरच वीस नर उघडले. सात बिघडलेले निघाले.

"आधी किती असायचे, ताई?" त्याने विचारलं.

"विसात अकरा."

त्याने मान हलवली आणि होडीतलं पाणी उपसायला घेतलं.