कोंबड्यांची भरपाई

“अहो बाई, मला तुमची नाणी नकोत. कोंबड्यांचं काय करणार तेवढं सांगा!”

फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबलेला, हातात अर्धी झालेली कवळी. दातांच्या कवळ्या करण्यात त्याचा सगळा जन्म गेला होता. मेणावर दात बसवताना हात कधी हलला नव्हता. आज समोरचा सुळा दोनदा वाकडा बसला.

“सर, कोंबड्यांचा गेम शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतोय,” कंपनीची मुलगी पाठ केल्यासारखं म्हणाली. “ज्यांनी हल्ली पैसे भरलेत, त्यांना ते परत मिळतील. तुम्ही कधीच काही भरलेलं नाही. तरीही आमच्या नव्या मोटार शर्यतीच्या गेममध्ये तुम्हाला हजार नाणी भेट.”

“म्हणजे आता मोटारींना दाणे घालू?”

“सर, तुमचं नेमकं नुकसान काय होतंय?”

त्यानं फोन ठेवला. हातातली कवळी तेवढी हसत होती.

घरीही तेच.

“फुकट खेळलात आणि वर भरपाई मागताय?” बायको म्हणाली. “स्वयंपाकघरातला नळ कधीचा गळतोय, त्याची भरपाई मला कोण देणार?”

“बाबा, कोंबड्या कंपनीच्याच होत्या,” मुलीनं कायदा सांगितला. “सुरुवातीला ‘मान्य आहे’वर बोट दाबलं होतंत ना?”

“ते कोण दाबत नाही? अगं, भाड्याच्या घरातून काढलं तरी माणसाला सामान नेऊ देतात. हे म्हणतात, सामानही आमचंच!”

“नेऊन ठेवणार कुठे होतात? नळाखाली?” बायकोनं विचारलं. मायलेकी हसल्या. तो चरफडत बाहेर जाऊन बसला.

कोणाला काय सांगणार? हा गेम त्याच्या फोनवर ताईनं घालून दिला होता, आई आजारी असताना. दवाखान्यातल्या बाकावर दोघं भावंडं शेजारी बसून खेळत. गेमचा नियम मोठा विचित्र होता. संध्याकाळी आपल्या कोंबड्या आपल्याला खुराड्यात कोंडता येत नसत. ते काम शेजारच्या अंगणवाल्याचं. त्याच्या शेजारचं अंगण ताईचं होतं. पुढे आई गेली. तिचं शिलाई मशीन ताईनं न विचारता उचलून नेलं. “तुझ्याकडे गंजून गेलं असतं,” असं म्हणाली. तो रागाच्या भरात तिला चोर म्हणाला. तेव्हापासून चार वर्षं बोलणं नाही, येणं-जाणं नाही, लग्नकार्यातही तोंडं दोन दिशांना.

पण रोज संध्याकाळी त्याच्या कोंबड्या कोंडलेल्या असत. ताईच्या तो कोंडत असे. गेममध्ये बोलायची सोय नव्हती. त्यामुळेच तर हे टिकलं होतं.

शनिवारी तो कामावरून लवकर आला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर फोन घेऊन बसला. बायकोनं नळाखालची भरलेली बादली त्याच्या पायापाशी आपटली. “कोंबड्यांना पाजा!” म्हणाली. त्यानं मान वर केली नाही. त्याच्या अंगणात सगळं शांत होतं. ताई येऊन कोंडून गेली होती. तिच्या अंगणात मात्र अजून पळापळ चालू होती. आज सगळ्या जगाचीच गर्दी उसळली असावी. फोन अडकत होता, बोट ठेवलं की कोंबडी भलतीकडेच.

“चल ना गं बाई... तिकडे नाही, इकडे, इकडे!”

“अहो, कोणाशी बोलताय?”

एकेक करत आत गेल्या. एकच राहिली, कुंपणाच्या कडेला. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं आणि पडदा पांढरा झाला. ‘आमच्यासोबत खेळल्याबद्दल आभार’ एवढीच अक्षरं उरली.

“आभार कसले मानता, मेल्यांनो!” तो ओरडला. “अर्धं मिनिट थांबला असता, तर काय बिघडलं असतं?”

त्याचा चेहरा पाहून बायकोनं नळाला फडकं गुंडाळलं.

मग त्यानं ताईचा नंबर काढला. काय बोलायचं हे ठरायच्या आतच पलीकडे फोन उचलला गेला. मागे खडखड चालली होती; ती थांबली. आईचं मशीन. तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता.

“एक बाहेर राहिली,” तो म्हणाला.

“तांबडी असेल,” ताई म्हणाली. “ती नेहमी शेवटी यायची.”

मग फोन कोणीच ठेवला नाही. थोड्या वेळानं मशीनची खडखड पुन्हा सुरू झाली आणि तो ती ऐकत बसला.