नऊ किलोच्या बाईसाहेब

मास्टरांनी आयुष्यात मापाचा कपडा कधी कापला नव्हता. शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात ते कटिंग करायचे, आणि पोराच्या मापात दोन इंच मिळवल्याशिवाय त्यांची कात्री हलायची नाही. पोरं वाढतात हो, कपडा पुरायला नको? त्यांच्या हातचा गणवेश पहिल्या वर्षी पोराला गिळायचा, दुसऱ्या वर्षी अंगाला बसायचा आणि तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाकडे जायचा. आया खूश, मालक हैराण.

आता असला माणूस विम्याचा फॉर्म भरायला बसला, तर दुसरं काय होणार?

मास्टरांना मुलगी झाली होती. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणत, कारण तिच्या हुकमाशिवाय घरात कुणी झोपत नसे. कारखान्याच्या विम्यात बाळाची नोंद तीस दिवसांच्या आत करायची, नाहीतर वर्षभर हात चोळत बसायचं, असा नियम. त्यात बाईसाहेब पाच आठवडे आधीच आलेल्या, आणि पहिले आठ दिवस काचेच्या पेटीत काढलेल्या. त्यांना वर्षभर विम्याशिवाय ठेवायचं नुसतं मनात आलं, तरी मास्टर उठून पाळण्यात डोकावून यायचे.

फॉर्मवर वजनाचा रकाना आला तेव्हा मास्टर जरा थबकले आणि मग ठोकून दिलं, नऊ किलो. बायकोने विचारलं तर म्हणाले, अगं, फॉर्म दोन वर्षं तरी पुरायला हवा. ती बिचारी बाळाला पाजता पाजता पेंगत होती. तिने मान डोलावली आणि फॉर्म गेला.

तिसाव्या दिवशी सकाळी विमा कंपनीतल्या बाईंचा फोन आला. महिन्याचं बाळ नऊ किलोचं कसं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मास्टर ततपप करू लागले. बाई म्हणाल्या, आमच्या यादीतल्या बालरोगतज्ज्ञाचा वजनाचा दाखला आज पाचच्या आत पाठवा, नाहीतर अर्ज बाद.

मास्टरांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बायकोला डॉक्टरांनी अजून जिने चढायला मनाई केली होती, म्हणून बाईसाहेबांना पोटाशी धरून सासूबाई निघाल्या. यादीत जवळपासचे चार डॉक्टर होते. पहिले डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले होते. ते गुलाबाच्या झाडांना पाणी घालत होते आणि यादीत आपण अजून आहोत हे ऐकून फार खूश झाले. दुसरे निघाले दातांचे. बाईसाहेबांच्या तोंडात बघून त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की इथे मला काही काम दिसत नाही.

तिसऱ्या दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीने विमा म्हणजे काय ते नीट फोड करून सांगितलं. डॉक्टर कंपनीच्या यादीत आहेत, पण सोनेरी योजनेसाठी. तुमची रुपेरी. म्हणजे ते तुमचे आहेतही आणि नाहीतही. सासूबाईंनी ते दोनदा सांगायला लावलं आणि दुसऱ्यांदा त्यांना पहिल्यापेक्षा कमी कळलं.

चौथा दवाखाना गाठेपर्यंत सव्वाचार झाले. इथे डॉक्टरीणबाई होत्या, यादी बरोबर, योजनाही रुपेरी. मास्टरांचा जीव भांड्यात पडतोय तोच काउंटरवरच्या माणसाने बाळाचं कार्ड मागितलं. नोंदणी झाल्याशिवाय कार्ड नाही, दाखल्याशिवाय नोंदणी नाही, आणि कार्डाशिवाय तपासणी नाही, तर दाखला कुठून आणायचा? मास्टरांनी डोक्याला हात लावला. सासूबाईंचा मात्र पारा चढला आणि त्यांच्या आवाजाने आतल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कार्ड बिलासाठी लागतं. बाळ तपासायला वजनकाटा लागतो. फी भरा आणि आत या."

एवढं साधं दिवसभर कुणाला सुचलं नव्हतं, मास्टरांना तर नाहीच.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म बघितला, मग दुपट्यातल्या मूठभर बाईसाहेब बघितल्या. हे नऊ किलो कुणी लिहिले, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी लगेच जावयाकडे बोट दाखवलं. मास्टर मात्र भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत उभे राहिले. काट्याकडे काही केल्या बघेनात.

"जन्मली तेव्हा एक किलो आठशे होती," ते तक्त्यालाच सांगू लागले. "तो आकडा मला लिहवेना. आणि आताचा बघायची भीती वाटते. घरी आणल्यापासून मी तिला काट्यापासून लांबच ठेवलंय. वाढली नसली तर?"

सासूबाईंनी दुपटं सोडवलं, पोरीला काट्यावर ठेवलं आणि बाईसाहेबांनी लगेच भोकाड पसरलं.

"इकडे बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन किलो आठशे दहा. महिन्यात किलोभर वाढलीय. छान आहे तब्येत."

मास्टरांनी काट्याकडे बघितलं. मग पुन्हा एकदा ठेवून बघता का, असं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी ठेवलं. तेवढंच भरलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोरगी गारठेल. तेव्हा कुठे ते गप्प बसले.

दाखला गेला तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. लगोलग कंपनीतल्या बाईंचा फोन आला. अर्ज मंजूर, बाळाची नोंद झाली, कार्ड घरी येईल. फक्त जुना आकडा खोडून नवा लिहायचा होता.

"दोन किलो आठशे लिहिते," बाई म्हणाल्या.

"आठशे दहा," मास्टर म्हणाले.

दहा ग्रॅमने काही बिघडत नाही, बाईंनी समजावलं.

"बिघडतं," मास्टर म्हणाले. "ते दहा तिचे आहेत. लिहा."