झोपलेली जमीन

शिवणकाकूंच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, जिन्यावर माणसं, समोरच्या गच्चीत खुर्च्या टाकून बसलेली माणसं. एरवी वसाहतीच्या सभेचं नाव काढलं की ज्यांचे गुडघे दुखायला लागत, तेही टाचा उंचावून बघत होते.

मधोमध ओळंबेबाबा उभा होता. अंगात दुधासारखा पांढरा झगा, पायात महागडे पळायचे बूट आणि हातात पितळी ओळंबा. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला जे वजन बांधतो ना, तेच ते. फक्त घासूनपुसून लखलखीत केलेलं.

"पृथ्वीला नाडी असते," बाबा सांगत होता. "डॉक्टर माणसाची नाडी बघतो, मी जमिनीची बघतो. जमीन जागी असेल तर ओळंबा गोल फिरतो. झोपलेली असेल तर नुसता पुढेमागे झुलतो. आणि झोपलेल्या जमिनीवरचं घर स्वतः तर बुडतंच, शेजाऱ्यांनाही घेऊन बुडतं. मग भाव कसा चढणार?"

भावाचं नाव निघालं की वसाहत कान टवकारायची. बसचा थांबा दूर हलवला, दवाखाना बंद पडला, तेव्हापासून इथल्या घरांकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. भाव का पडले, याचं उत्तर रोजच्या वाटेवरच पडलं होतं: रस्त्यावरचे बंद दिवे, बागेतलं गुडघाभर गवत, वाचनालयाचं गंजकं कुलूप. पण त्या उत्तराच्या मागे लागायचं तर नगरपालिकेत खेटे घालावे लागले असते. बाबाच्या उत्तरासाठी नुसतं उभं राहायचं होतं. शिवाय बाबाला घरांचा दलाल घेऊन आला होता, तोही "निव्वळ वसाहतीच्या प्रेमापोटी"!

"मी स्वतः ओळंब्याला हात लावत नाही," बाबानं जाहीर केलं. "धरणार तुमच्यातलंच कुणीतरी. ज्याचा माझ्यावर काडीचाही विश्वास नाही, असं आहे का कुणी?"

सगळ्या माना विज्ञानाच्या बाईंकडे वळल्या. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. काकूंचं आणि त्यांचं घर एकाच भिंतीला टेकलेलं. बाईंची लेक लहानपणी शाळेतून सुटली की थेट काकूंकडे जायची. शिवणयंत्राच्या खडखडाटात तिला जशी झोप लागे, तशी स्वतःच्या घरीही लागत नसे.

बाई पुढे आल्या त्या बाबाचं पितळ उघडं पाडायलाच. 'हात दगडासारखा ठेवते, बघू कसा हलतो,' असं मनाशी म्हणत त्यांनी दोरी धरली.

बाबानं डोळे मिटले. "इथे माझे पाय जड झालेत," तो हळूच म्हणाला. "जमीन झोपलेली असली तर असा झुलेल हं, बाई. तुमच्याकडून दाराकडे... दाराकडून तुमच्याकडे..." आणि त्याचं बोट हवेत तसं फिरत राहिलं.

ओळंबा थरथरला. मग झुलायला लागला. बाईंकडून दाराकडे, दाराकडून बाईंकडे.

"मी हलवत नाहीये," बाई पुटपुटल्या. त्यांना तसंच वाटत होतं, अगदी मनापासून.

"ऐकलंत?" बाबा गरजला. "विज्ञान काय म्हणतंय ते ऐकलंत?"

पुढे बाईंच्या अंगणात त्यांच्याच हातात तोच ओळंबा गरागरा फिरला. टाळ्या पडल्या. दलालानं तिथल्या तिथे चढा भाव बोलून दाखवला. बाईंचे यजमान असे हसले की बऱ्याच वर्षांत कुणी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. बाईही हसल्या. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण "मला कळलं नाही" एवढे तीन शब्द चारचौघांत त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

त्या दिवसापासून शिवणकाकूंच्या घराला अवकळा आली. झोपलेल्या जमिनीवर शिवलेला कपडा अंगाला लाभत नाही, असा शोध कुणीतरी लावला. कपडे टाकायला येणारी माणसं कमी झाली. वसाहतीचे अध्यक्ष गोड आवाजात सुचवून गेले, "काकू, एका घरापायी सगळ्यांचं नुकसान नको. दलाल घ्यायला तयार आहे म्हणे."

इकडे बाईंना चैन पडत नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी त्यांनी दोरीला कपाटाची किल्ली बांधली आणि स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मनात म्हणाल्या, गोल. किल्ली गोल फिरली. मनात म्हणाल्या, आडवी. किल्ली आडवी झुलू लागली. मग त्यांनी डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि यजमानांना हाक मारली.

"अहो, बघा बरं, कशी हलतेय?"

"कशीही हलतेय. वेड्यासारखी," यजमान म्हणाले.

शेवटी बाईंनी दोरी दाराच्या कडीला बांधली आणि वाट बघत बसल्या. भाजी चिरून झाली, भांडी घासून झाली. किल्ली ढिम्म.

"जमिनीला बोलायचं असतं तर ती कडीशीही बोलली असती," बाई म्हणाल्या. "माझाच हात होता तो. बाबानं मनात घातलं आणि बोटांनी केलं. अहो, मी काकूंचं घर बुडवलं!"

यजमान वाईट माणूस नव्हते. बायकोचा रोजचा दोन बस बदलून होणारा प्रवास वाचावा, शाळेजवळ घर घ्यावं, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. "अगं, आत्ता नको," ते म्हणाले. "कधी नव्हे ते आपल्या घराला गिऱ्हाईक आलंय. एकदा व्यवहार होऊ दे, मग सांग सगळ्या जगाला."

बाई हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

काही दिवसांनी काकू आल्या आणि नेहमीसारख्या स्वयंपाकघरातच टेकल्या. "विकतेय बाई," त्या म्हणाल्या. "भावाकडे जाते. त्याच्याकडे जिन्याखाली मशीन बसेल."

"काकू, घाई करू नका," बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"त्या झगेवाल्यावर माझा विश्वास नाही गं. बूट बघितलेस ना त्याचे?" काकू हसल्या. "पण दोरी तुझ्या हातात होती. तू काही खोटं करायची नाहीस. म्हणून म्हटलं, असेल काहीतरी."

बाई सगळं सांगणारच होत्या. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत यजमान फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होते, "हो, हो, जागी जमीन आहे. आमच्या मिसेसनी स्वतः धरला होता ओळंबा."

बाईंनी काकूंपुढे नुसता चहा ठेवला.

काकूंचं सामान टेम्पोत चढलं तेव्हा बाई शाळेत होत्या. लवकर निघता आलं असतं. त्या निघाल्या नाहीत.

मग बातमी फुटली. काकूंच्या घरामागच्या मोकळ्या मैदानावर मोठं रुग्णालय होणार होतं, आणि त्याचं फाटक नेमकं काकूंच्या घराच्या जागी येणार होतं. झोपलेली म्हणून काकूंच्या हातून गेलेली जमीन दलालाच्या हाती पडताच खडबडून जागी झाली. कुणी विचारलंच, तर दलाल हात जोडून म्हणायचा, "बाबांची कृपा! बाबांनी जागवली."

वसाहतीला तेही पटलं. इतकंच नव्हे, उरलेल्या झोपाळू घरांना जागं करण्यासाठी सभागृहात मोठा कार्यक्रम ठरला. दलालानं फोटोवाला बोलावला. बाबानं व्यासपीठावरून हाक दिली, "त्या विज्ञानाच्या बाई कुठायत? त्यांचाच हात हवा!"

बाई उठल्या. यजमानांनी त्यांच्याकडे बघितलं, पण अडवलं नाही.

त्यांनी ओळंबा धरला आणि समोर विचारलं, "कसा फिरवू? तुम्ही सांगा."

लोक गोंधळले. मागून कुणीतरी ओरडलं, "गोल!" ओळंबा गोल फिरला.

"आता?"

"आडवा!" ओळंबा आडवा झुलला.

"मी मुद्दाम हलवत नाहीये," बाई म्हणाल्या. "मनात आलं की बोटं आपोआप हलतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी थोडी. दोरी लांब, म्हणून टोकाला ते मोठं होऊन दिसतं. धरणारा खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. कुणाच्याही हातात द्या, हेच होईल. आता बाबांचे डोळे बांधू या आणि त्यांनाच धरायला सांगू या. मग त्यांना न सांगता खाली जागी आणि झोपलेली अशा दोन अंगणांतली माती आलटूनपालटून ठेवू. बघू ओळखतात का."

"श्रद्धेची परीक्षा घ्यायची नसते!" बाबा कडाडला.

"श्रद्धेची नाही, ओळंब्याची घेतेय." बाईंनी फोटोवाल्याची तिपाई ओढली, कॅमेरा काढायला लावला आणि दोरी तिपाईला बांधली. "हिला मन नाही, घर नाही, विकायचंही काही नाही. बाबा, हिच्याकडून उत्तर मिळवा."

सगळं सभागृह त्या पितळी वजनाकडे बघत राहिलं. बाबानं हात हलवले, डोळे वटारले, काहीबाही पुटपुटला. ओळंबा सरळ खाली लोंबत राहिला. तेवढंच त्याचं काम. आधी एक जण फिसकन हसला, मग हशा पसरत गेला. दलाल फोन आल्यासारखं करून बाहेर सटकला. झगा सावरत बाबाही मागच्या दारानं निघाला. ते बूट त्याला पहिल्यांदाच खऱ्या कामाला आले.

हशा ओसरला तशा पहिल्या रांगेतल्या निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या. "बाई, एक विचारते. हे तुम्हाला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. काल, असंही. टाळ्या ठरलेल्याच होत्या.

"काकूंनी घर विकायच्या आधी," बाई म्हणाल्या.

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले.

"मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. आमच्या घराचा सौदा व्हायचा होता म्हणून. बाबानं मला फसवलं ते एक दिवस. त्यानंतर काकूंना मी फसवलं." मग जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, "जमीन झोपत नाही. झोपतो आपण. घराला भाव येतो तो दारापर्यंत बस आली की, दिवे लागले की, दवाखाना उघडला की. ते मागायला पालिकेत जाऊ या. आणि एखादी गोष्ट कळली नाही तर कळली नाही म्हणू या. कळली, तर मात्र त्याच दिवशी सांगू या."

दुसऱ्या दिवशी बाई काकूंच्या भावाच्या घरी गेल्या. काकू जिन्याखाली मशीनवर वाकून बसल्या होत्या. तिथे धड ताठ बसताही येत नव्हतं. बाईंनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. काकूंचे पाय थांबले.

"बाबानं फसवलं, हे मी लोकांना सांगेन," काकू म्हणाल्या. "तुझं काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. मी दलालाविरुद्ध साक्ष देणार आहे, काकू. त्यात आधी माझीच चूक सांगणार. आमच्या गिऱ्हाइकालाही खरं सांगितलं, तो गेला. तुमचं घर परत मिळेल का, वकील सांगत नाही. पण प्रयत्न सोडणार नाही."

काकूंनी मान हलवली. ती हो होती की नुसतीच ऐकल्याची, ते बाईंना कळेना. "ये आता," काकू म्हणाल्या, "कामं पडलीयत." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

बाई उठल्या आणि चालतच घरी निघाल्या. वाटेत पालिकेची कचेरी लागली. वसाहतीतली दहाबारा माणसं बसथांब्याचा अर्ज घेऊन दारात रांगेत उभी होती. कुणीच बाईंशी बोललं नाही, पण त्यांना जागा द्यायला एक जण सरकला. बाई रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.