क्षमेचा शुक्रवार

रूझा खोटं बोलत नसे. नवरा गेल्यापासून तिने तीन नेम धरले होते. सकाळी तसबिरीपुढच्या दिव्यापाशी एक स्तोत्र म्हणायचं, बुधवारी आणि शुक्रवारी मांस-दूध-अंडं वर्ज्य, आणि तोंडून असत्य नाही. पहिल्या दोन नेमांत कधीमधी खंड पडला की ती रडत असे. तिसऱ्यात कधीच पडला नाही, म्हणून त्याचा तिला मनातल्या मनात थोडा अभिमान होता.

प्लोव्दिव शहराबाहेरच्या एका काचेच्या इमारतीत ती नोकरी करायची. तिथे शंभरेक माणसं कानाला हेडफोन लावून 'प्रोंतो', म्हणजे इटालियनमधलं 'हॅलो', म्हणत आणि दिवसभर इटालियनमध्ये शिव्या खात. कंपनी इटलीची, बंद पडलेले बॉयलर इटलीचे, थंडीने कुडकुडणारी माणसं इटलीची. तेवढे कान बल्गेरियाचे, कारण ते स्वस्त पडतात. रूझाने तिथे इतकी वर्षं काढली की तिच्या हातात कंप आला. कप उचलला की बशी वाजायची.

मग गेल्या शरदात तीन जणं एकाच आठवड्यात रडत काम सोडून गेली. इटलीहून हुकूम आला की कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी घ्या. साहेबाने, म्हणजे स्विलेनने, रूझाला बोलावलं. तिच्या मुलाच्या वयाचा होता तो, दाढी कोरलेली, बोलणं साखरेत घोळलेलं.

"रूझामावशी, लोक तुमच्यापाशी मन मोकळं करतात. तुमचा आवाजच तसा आहे, मलमासारखा. तर आजपासून तुम्ही आमच्या मनमित्र."

"म्हणजे काय करायचं, साहेब?"

"ऐकायचं. कोपऱ्यातली खोली घ्या, दोन खुर्च्या टाका. दर शुक्रवारी सगळ्यांना गोल बसवा. ईस्टरपर्यंत बघू. मंडळ चाललं तर खोली तुमची. नाही चाललं तर…" त्याने बोटाने स्वतःच्या कानावर हेडफोनचा आकार काढला आणि हसला.

त्या खोलीत फोन नव्हता. पहिल्याच आठवड्यात रूझाच्या हाताचा कंप कमी झाला. मरण पत्करेन, पण परत ते फोनचं टेबल नको, असं ती स्तोत्रानंतर रोज देवाला सांगे.

वेलिच्का त्या खोलीत आली ती फेब्रुवारीत. तिशीही न ओलांडलेली, नखं कुरतडून रक्त काढलेली.

"मावशी, हसू नका हं," ती म्हणाली. "घरी नळ सोडला की त्यातून 'प्रोंतो, प्रोंतो' ऐकू येतं. मी अंघोळ करायचंच सोडलंय."

"हसेन कशाला, बाळ? डॉक्टरांकडे जा."

"गेले तर लोक म्हणतील, हिचं डोकं फिरलं."

"फिरायच्या आधी जा."

तिने वेळ घेतली. मंगळवारची मिळाली. डॉक्टर महिनाभराची रजा लिहून देणार, हे नक्की होतं, आणि आजारपणाच्या रजेवरच्या माणसाला सहजासहजी नोकरीवरून काढता येत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. "मंगळवारपर्यंत कुणाला सांगू नका," वेलिच्का म्हणाली. "घराचं भाडं मी एकटी भरते, मावशी." रूझाने मान डोलावली.

त्या मंगळवारच्या आधीचा रविवार क्षमेचा होता. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी धाकट्याने थोरल्यापुढे जायचं, वर्षभरात जे चुकलं ते सांगून क्षमा मागायची. थोरल्याने म्हणायचं, "देव क्षमा करो, मीही केली." मग तो विषय संपला. तो पुन्हा काढणं म्हणजे पाप. रूझाच्या गावात भाऊबंदकीची भांडणंही त्या एका वाक्यावर मिटत. स्विलेनच्या डोक्यात आलं, हे शुक्रवारीच कचेरीत करू.

"आपली परंपरा, मनाला आराम, आणि इटलीला पाठवायला फोटो!" तो म्हणाला.

शुक्रवारी छताला दोरी बांधून तिला पांढऱ्या हलव्याचा तुकडा लटकवला. हात न लावता तोंडाने पकडायचा, घरी पोरांसाठी करतात तसं. रूझाशेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलेला जाडजूड स्तोइल मागून म्हणाला, "बघा, हलवा दोरीला आणि आपण दाव्याला." सगळे हसले. स्विलेनही हसला आणि टाळ्या वाजवून म्हणाला, "चला, गोल बसा."

सुरुवातीला पोरखेळच चालला. कुणी कॉफीचा डबा संपवल्याची क्षमा मागितली. स्तोइलने खिडकी उघडी टाकल्याची मागितली. वेलिच्का रूझाच्या कानाशी लागली. "मावशी, मीही बोलू? खरं ते?"

रूझाला त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. मंडळ अगदीच कोरडं चाललं होतं आणि स्विलेन घड्याळाकडे बघत होता. "बोल, बाळ," ती म्हणाली. "पोटात ठेवलेलं कुजतं. आज मागितलेली क्षमा देव ऐकतो."

वेलिच्का उभी राहिली.

"बेर्गामोचा एक म्हातारा रोज फोन करायचा. त्याच्या घरात ऊब नव्हती. आपला दुरुस्तीचा माणूस जाणार नाही, हे मला माहीत होतं. एके दिवशी मी फोनवर माझा आवाज बंद करून टेबलावर डोकं ठेवलं. तो म्हणत होता, 'मुली, आहेस का? मुली?' मी ऐकत होते. बोलले नाही. बराच वेळ बोलले नाही. नंतर त्यानेच फोन ठेवला. आणि… हे एकदाच नाही झालं. मला क्षमा करा."

स्विलेन उठला, तिला जवळ घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "देव क्षमा करो, मीही केली." फोटो निघाला. त्यात वेलिच्का रडते आहे आणि हलकी झालेली दिसते आहे.

सगळे पांगल्यावर स्विलेन कोपऱ्यातल्या खोलीत आला आणि दार लोटून घेतलं.

"आजचं मंडळ झकास झालं, मावशी. खोली पक्की समजा." मग खुर्चीच्या दांड्यावर टेकून सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीची तब्येत बरी दिसत नाही. डॉक्टरकडे गेली का ती?"

हा कशासाठी विचारतो आहे, हे रूझाला कळलं. कळलं नाही असं नव्हे. 'मला काय ठाऊक' एवढंच म्हणायचं होतं. किंवा 'तिलाच विचारा.' गप्प बसली असती तरी चाललं असतं. न बोलणं काही खोटं बोलणं नव्हे, हे तिला गावच्या चर्चमधल्या पाद्रीबाबांनी लहानपणीच शिकवलं होतं. पण जीभ नेमाला धरून चालली.

"अजून नाही," ती म्हणाली. "मंगळवारी जाणार आहे."

"मंगळवारी," स्विलेन म्हणाला. "देव तुमचं भलं करो."

सोमवारी उपास सुरू झाला. रूझा पहिले तीन दिवस निर्जळी करायची. ओठ सुकलेले, डोकं हलकं, अशी ती कामावर आली, तेव्हा स्विलेनने तिला वर बोलावलं. वेलिच्का तिथे आधीच बसली होती. तिच्या कबुलीवरून स्विलेनने तिच्या फोनची सगळी रेकॉर्डिंग काढून ऐकली होती.

"तिला आधाराला कुणीतरी हवं," स्विलेन म्हणाला, "म्हणून तुम्हाला बोलावलं."

"पण साहेब, तुम्ही क्षमा केली ना?" वेलिच्काने विचारलं. तिच्या आवाजात रागही नव्हता, नुसतं नवल होतं.

"मी केली. कंपनीने कुठे केली?" स्विलेनने खेदाने हात पसरले. "कंपनी काही माणूस नाही, वेलिच्का. आज दुपारपासून तू कामावर नाहीस."

"उद्या… उद्याच मी जाणार होते…" ती बोलता बोलता थांबली आणि हळूहळू मान वळवून रूझाकडे पाहू लागली. रूझाने पेल्यात पाणी ओतून तिच्यापुढे सरकवलं. पेला बशीवर वाजला.

"पी, बाळ," ती तिच्या मऊ आवाजात म्हणाली.

वेलिच्काने तो पेला उचलला आणि शांतपणे रूझाच्या मांडीवर ओतला. मग निघून गेली.

दुपारी जेवणाच्या खोलीत कुणी रूझाशेजारी बसलं नाही. तिलाच राहवलं नाही. "त्यांनी विचारलं," ती म्हणाली. "मी काय करणार होते? मला खोटं बोलता येत नाही." बाया आपापले डबे उचलून दुसऱ्या टेबलावर गेल्या.

त्यानंतरच्या शुक्रवारी मंडळ भरलं. 'कशी आहात?' 'मी उत्तम.' 'तुम्ही?' 'झोप छान लागते.' 'तुम्ही?' 'देवाची कृपा.' हसरे चेहरे गोल फिरून परत रूझापाशी आले, आणि तिच्या कानावर मनातला एकही शब्द पडला नाही. पुढच्या शुक्रवारी तेच. तिसऱ्याला ती रडवेली होऊन म्हणाली, "अरे, काहीतरी बोला रे!" तेव्हा समोरून कुणीतरी म्हणालं, "मावशी, आम्ही इतके सुखी आहोत की सांगायची सोय नाही."

स्विलेनने ती उत्तरं इटलीला कळवली. तिकडून अभिनंदन आलं. ईस्टरच्या आदल्या, म्हणजे पाम रविवारच्या आधी त्याने रूझाला बोलावलं, त्या सणाच्या विलोच्या फांद्यांचा हिरवा गुच्छ दिला आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

"मावशी, कमाल केलीत! एकाही माणसाची तक्रार उरली नाही. आता या खोलीचं काय काम?"

"पण साहेब, तुम्ही म्हणाला होतात, चाललं तर…"

"इतकं चाललं, की संपलं!" तो खरोखरच आनंदात होता. "सोमवारपासून जुनं काम. एक टेबल रिकामंच आहे."

ते वेलिच्काचं होतं, स्तोइलच्या दुसऱ्या बाजूचं. कडेला दातांनी कुरतडलेलं एक पेन अजून पडलेलं होतं. सोमवारी रूझाने हेडफोन कानाला लावला. तोरिनोची एक बाई पहिल्या वाक्यापासून तिच्या आईवर घसरली. दुसऱ्या फोनला हात थरथरू लागले, तिसऱ्याला छाती अशी भरून आली की श्वास खाली उतरेना. तिने हेडफोन काढला आणि शेजारी वळली.

"स्तोइल, अरे, मला काहीतरी होतंय. मला वाटतं, मी…"

स्तोइलने तळहात वर करून तिला थांबवलं. रागाने नाही, उलट फार मायेने, आजारी माणसाशी बोलावं तसं तो बोलला.

"मला नको सांगूस, रूझाताई. उद्या साहेबाने विचारलं तर? मलाही खोटं बोलता येत नाही."

आणि तो आपल्या फोनकडे वळून म्हणाला, "प्रोंतो?"